देव तांदळात

रविवार, रात्री पावणेअकरा

गॅस बघायला गेले होते, असं मी कॅबवाल्याला सांगितलं. आठवडा होत आला तरी तेच डोक्यात घोळतंय.

सोमवारी पहाटे साडेचारला कॅब खाली येऊन थांबली होती. कुलूप लावून दोन जिने उतरले आणि तशीच परत वर गेले. पायात चप्पल, थेट स्वयंपाकघरात. तांदळाचा डबा ओढला, शोकेसमधले तिन्ही टाक (देवांचे छोटे धातूचे पत्रे) उचलले, तांदळात खोचले, वरून मूठभर तांदूळ सारले, झाकण दाबलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील, पण तेवढ्यात त्याचे दोन फोन. खाली आले तर म्हणाला, "ताई, काही राहिलं होतं का?" म्हटलं, "गॅस."

त्याच्या डॅशबोर्डवर गणपती होता, त्याच्यापुढे कालचं सुकलेलं जास्वंद. देव तांदळात घालायचे राहिले होते असं म्हटलं असतं, तर "बरं झालं आठवलं" म्हणून त्याने गाडी चालू केली असती. त्या माणसापासून लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मग मी लपवलं कुणापासून?

घर बंद ठेवून जायचं असलं की देव तांदळात. मागे पूजा नाही, नैवेद्य नाही, निदान अन्नात तरी राहतील. दूध बंद केलंस का, पेपरवाल्याला सांगितलंस का, देव तांदळात घातलेस का, आई हे तिन्ही एका दमात विचारायची. आता विचारायला कुणी नाही. कुणी विचारलं नसताना मी ते केलं, हे जास्त लागलंय.

आणि गंमत अशी की मी घरात असते तेव्हा तरी कुठे नैवेद्य दाखवते? टाक माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली. (दादाने का नेले नाहीत, ते आज नको.) शोकेसमध्ये लाइटबिलांच्या फायलीशेजारी उभे असतात. खंडोबा घोड्यावर, मागे म्हाळसा. दुसरी भवानी. तिसरा वीराचा, तो आमचा कोण, कितव्या पिढीतला, हे बाबांनाही सांगता यायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या रांगोळीने घासून खंडोबाचं नाक पार गेलंय, भवानीचा हात कुठला आणि शस्त्र कुठलं हे बोट फिरवून बघावं लागतं. काकूचं म्हणणं, झिजलेले देव पुजू नयेत, सोनाराकडून नवीन करून घे आणि जेजुरीला भेटवून आण. मी म्हटलं, मी पूजतच नाही, मग झिजले काय नि राहिले काय. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. मुलीकडे देव राहत नसतात, हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य.

तर तीन वर्षं त्यांना साधं पाणी दाखवलं नाही आणि सहा दिवस नागपूरला जायचं तर जीव खाली-वर. मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ते तू आईसाठी केलंस." ऐकायला छान वाटलं. रात्री हॉटेलवर पडल्यापडल्या पटेना. घसरलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो, आईसाठी, घरच्यांसाठी, परंपरा म्हणून. आणि खरं सांगायचं तर जिन्यात मला आई आठवलीच नव्हती. माझ्या मनात जे आलं ते शब्दशः असं होतं: उपाशी राहतील.

राहतील. कोण?

मी सोळाव्या वर्षी देव मानायचं सोडलं. सोडलं म्हणजे घरात जाहीर केलं, चंपाषष्ठीच्या दिवशी, तळी भरायला बाबांनी हाक मारल्यावर. ताम्हणात भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, सगळे पाट सरकवून बसलेले आणि मी दारात उभी राहून नाही म्हणतेय. बाबांनी एकदा वर बघितलं, शेजारच्या मुलाला माझ्या जागी बसवलं आणि येळकोट येळकोट सुरू केलं. चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटायचं. भरीत-रोडगा मात्र मी खाल्ला, तत्त्व आड आलं नाही. पुढे कॉलेजात अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, कार्यक्रमांना जायचे. ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेटने मंत्राशिवाय होम पेटवून दाखवायचो, पेटता कापूर जिभेवर ठेवायचो. लाळ भरपूर हवी आणि चटका बसायच्या आत तोंड मिटायचं, एवढंच त्यातलं गुपित. एकदा गावातली एक आजी कार्यक्रमानंतर माझी जीभ बघायला आली होती. भाजलं नाही ना पोरी, म्हणाली. चमत्कार होता की नव्हता याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वरच्या पुलावर अंनिसच्या डॉक्टरांना, नरेंद्र दाभोलकरांना, गोळ्या घातल्या, तेव्हा मला वाटलं होतं की आता आपली बाजू कायमची ठरली. ज्या गोष्टीसाठी माणूस मारला जातो तिच्यात धरसोड करायची नसते. म्हणून हे टोचतंय का? पण डॉक्टर स्वतः सांगायचे की त्यांचा विरोध देवाला नाही, शोषणाला आहे. माझ्या डब्यात कुणाचं शोषण झालं? कोलम तांदळाचं?

पण ही पळवाट झाली. ते एवढे उदार होते म्हणून मला सूट मिळत नाही. मी स्वतःला नास्तिक म्हणते, आणि नास्तिकाला कुणीतरी उपाशी राहील असं वाटायला नको.

नागपुरात चार दिवस नुसती कुढत होते. इकडचे म्हणणार घसरली, तिकडचे म्हणणार वय झालं, आलीस ना वळणावर. काकू जिंकणार. आपलं म्हणून कुणी नाही, सणावारी नाही आणि मोर्चातही नाही. वगैरे वगैरे. दोन रात्री अशाच गेल्या. लिहायला लाज वाटते, पण गेल्या.

परतीच्या रेल्वेत तुकोबांचा तो अभंग आठवला. देव आहे असं वाणीने वदवावं आणि नाही असं मनात अनुभवावं, असं म्हणतात ते. त्याचा खरा अर्थ जाणकार सांगोत. माझं बरोबर उलटं झालंय. वाणी नाही म्हणते, सव्वीस वर्षं म्हणतेय, आणि हात तांदळाच्या डब्यात. हे सुचलं आणि वरच्या बर्थवर एकटीच हसले. खालच्या काकांनी दिवा बंद करायला सांगितलं.

2011 च्या जनगणनेला बाई घरी आल्या तेव्हा बाबांनी चौघांचाही धर्म एका दमात सांगून टाकला. मी आतून येईपर्यंत त्या पुढच्या प्रश्नावर होत्या. त्या खेपेला अख्ख्या देशात 33 हजारांच्या आसपास लोकांनी स्वतःला नास्तिक लिहवून घेतलं, त्यातले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातले. त्यांच्यात मी नाही, याचा राग कितीतरी वर्षं होता. कुणाला धर्म सांगायची सक्ती करता येणार नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 2014 मध्ये आला, तो मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला होता. बाबा म्हणाले, सक्ती कुणी केली, मी आपणहून सांगितलं. आता पुढच्या जनगणनेत माझं मीच सांगणार. नास्तिक. त्यात बदल नाही. शोकेसमध्ये काय आहे हे त्या विचारत नाहीत.

डॉ. श्रीराम लागू म्हणायचे, देवाला रिटायर करा. माझ्याकडचे तिघे रिटायरच आहेत म्हणायचे, फक्त घर सोडून गेले नाहीत. रिटायर माणसालाही जेवलात का विचारतातच की. पण हे फारच गोड होतंय, खोडावं का? राहू दे, उद्या बघू.

तासाभरापूर्वी घरी आले. बॅग दारातच टाकून आधी डबा उघडला. खंडोबा सापडायला वेळ लागला, तळाशी गेला होता. घोड्याच्या पुढच्या पायाखालच्या खोबणीत तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता, तो सुईने काढला. खंडोबाला फडक्याने पुसलं. मग मूठभर तांदूळ त्याच डब्यातून घेतले, मूगडाळ घातली, कुकर लावला.

पहिली शिट्टी होतेय तोच काकूचा फोन. पोचलीस का. हो. मग तिचा नेहमीचा तो आवाज, भांडण काढायच्या आधीचा: "आणि देव कुठे टाकून गेली होतीस?"

"तांदळात."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"कुठला तांदूळ?"

"कोलम."

"चालतं," म्हणाली.