बोटी किती, सांगा

2019 चा महापूर ओसरल्यावर हिवाळ्यात आमच्या तहसील कार्यालयात पत्र आलं: इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीमचं, म्हणजे आपत्तीत कुणी काय करायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीचं प्रशिक्षण, तीन दिवस. ज्यांचं टेबल त्यातल्या त्यात हलकं, त्यांची नावं गेली. त्यात मी, अव्वल कारकून.

पहिला दिवस सगळा चौकटींच्या तक्त्यात गेला. वर रिस्पॉन्सिबल ऑफिसर, म्हणजे जिल्ह्यात जिल्हाधिकारी. त्याखाली इन्सिडंट कमांडर, मग ऑपरेशन्स म्हणजे प्रत्यक्ष बचावकाम, प्लॅनिंग, लॉजिस्टिक्स. एकाच्या हाताखाली साधारण पाचच जण असावेत म्हणे. मागच्या बाकावर हशा पिकला. महसूल खात्यात एका साहेबाच्या हाताखाली किती टेबलं असतात, ते आम्हाला विचारा!

पद्धतीचं मूळ मात्र लक्षात राहिलं. 1970 साली कॅलिफोर्नियात 13 दिवस वणवे पेटले, 16 माणसं गेली. मदतीला यंत्रणा पुष्कळ होत्या, पण एकीचा वायरलेस दुसरीला लागेना आणि हुकूम कुणाचा चालणार ते ठरेना. त्यातून ही पद्धत जन्मली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ती भारतीय प्रशासनाला बेतून 2010 साली मार्गदर्शिका काढली.

तिसऱ्या दिवशी नदीकाठी रंगीत तालीम. माझ्या गळ्यात पाटी आली: स्टेजिंग एरिया मॅनेजर. बाहेरून आलेली माणसं, बोटी, गाड्या आधी माझ्याकडे थांबणार, नोंद होणार आणि ऑपरेशन्सकडून मागणी आली की मगच पुढे जाणार. मला वाटलं, आपल्याला पार्किंग सांभाळायला बसवलंय. शिट्टी वाजली आणि सगळे थेट पाण्याकडे धावले. रजिस्टर टाकून मीही धावले, गंमत बघायला.

तालीम संपल्यावर प्रशिक्षकांनी एकच विचारलं, "आत्ता पाण्यात बोटी किती, सांगा. आणि प्रत्येकीत माणसं किती?"

तिघांनी तीन आकडे सांगितले. माझ्याकडे एकही नव्हता. ते रागावले नाहीत, नुसते थांबले. त्याच महापुरात आमच्या जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसून बोट उलटली, त्याला वर्षही झालं नव्हतं. आम्ही सांगलीकर खाली बघत उभे.

2021 च्या जुलैत कृष्णा पुन्हा वर आली. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर मला एका शाळेच्या मैदानावर बसवलं. नोंदीचा छापील नमुना क्रमांक सहा होता, पण दुपारपर्यंत त्याच्या प्रती भिजल्या. मग शंभर पानी वही घेतली आणि रेघा मारल्या: बोट, चालक, मोबाइल, लाइफ जॅकेट, कुठे पाठवली, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ.

बाहेरगावची पोरं टेम्पोत बोट घालून आली होती. "मॅडम, तिकडं माणसं अडकल्यात आणि तुम्ही नावं काय लिहिताय?" त्यांचं चुकत नव्हतं. माझेही हात थरथरत होते. एका पुढाऱ्याचा फोन आला, "सोडा त्यांना." मी म्हटलं, "सोडते दादा, दोन मिनिटं." जॅकेटं मोजली तर चौघांत तीन. चौथं मिळेपर्यंत थांबवली. मला शिव्या दिल्या त्यांनी. ऐकू येतील अशा.

अंधार पडल्यावर वही चाळली. शेवटचा रकाना एकाच ओळीत कोरा. तीच बोट. मोबाइल लागेना. वायरलेसवरून ऑपरेशन्सला कळवलं: गाव अमुक, निघाल्याची वेळ चार वीस, माणसं चार. तासाभराने उलटा निरोप आला. प्रवाह वाढला म्हणून पोरांनी बोट देवळाच्या खांबाला बांधली होती आणि गच्चीवर अडकलेल्यांच्याच घरात पिठलं-भाकरी खात बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतल्यावर त्यातला एक आपणहून टेबलापाशी आला. "मॅडम, सात पन्नास लिवा."