आमची वाटचाल : मालवणची होडी, गरी आणि स्नॉर्कलिंग

आम्ही मूळचे मालवणचेच, घरात तीन पिढ्या मासेमारी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा आमच्या घरात त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं, माणसं यायची, किल्ला बघायची आणि जायची. मग तारकर्लीला गर्दी वाढली आणि २०१२ च्या दिवाळीत पुण्याच्या एका कुटुंबाने बाबांना विचारलं, काका आम्हाला होडीतून देवबागपर्यंत न्याल का? ती आमची पहिली ट्रिप. किती घ्यायचे तेच कळेना, शेवटी बाबांनी तेलाचे पैसे घेतले आणि उतरताना वर एक तांबोशी मासळी हातात दिली.

कर्जासाठी एका बँकेने दोनदा फाईल परत केली, मग बायकोने दागिने ठेवले आणि सेकंडहँड आऊटबोर्ड इंजिन आलं, लाईफजॅकेट मात्र पहिल्या दिवसापासून नवीन कोरी.

सकाळी सातला निघतो. आधी किल्ल्याच्या पाठच्या बाजूच्या खडकांवर स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून वर तरंगत पाण्याखालचं बघणं, कारण वारा पडलेला असतो आणि पाणी निवळ असतं, मग दक्षिणेला तारकर्ली, देवबाग, कर्ली नदीच्या मुखापर्यंत, नशीब असेल तर डॉल्फिन, आणि वाटेत सागरी अभयारण्याच्या बाहेर जाऊन गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला थांबतो. दोरी, गरी म्हणजे गळ, सुंगटाचा म्हणजे कोळंबीचा तुकडा, बस. लहान मासा लागला की सोडून द्यायचा, मोठा गोब्रा नाहीतर तांबोशी मिळाली तर दुपारी आई करून वाढते. बाराच्या आत परत, दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की नवख्या माणसाला होडी लागते.

तिसऱ्या वर्षी घडलेली गोष्ट सांगतो, कारण आमचा धंदा खरा तिथे बदलला. नांगर वर ओढला तर त्याला तव्याएवढा प्रवाळाचा तुकडा अडकून आलेला. ओला होता, हात लावला तर बुळबुळीत, जिवंत. हा दगडासारखा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे तो तुकडा माझ्या मुलाच्या वयापेक्षा जुना होता आणि आम्ही तो दोन मिनिटांत उपटला. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आम्ही त्याच पाण्यात वाढलो आणि आम्हीच हे केलं, त्या रात्री झोप लागली नाही. नंतर वाळूच्या जागेत सिमेंटचा ठोकळा टाकून त्याला दोरी आणि वर तरंगणारा बोया बांधला, होडी आता त्यालाच बांधतो, तेव्हापासून खडकावर नांगर टाकला नाही. गिऱ्हाईकांनाही सांगतो, मास्क लावून वर तरंगा, खडकावर पाय ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट बाबांची. होडी सोडायच्या आधी ते वाकून पाण्याकडे बघतात. "पाणी गढूळ आसा, आज नको रे" म्हणाले की ट्रिप रद्द, ॲडव्हान्स परत. सुरुवातीला सीझनला हे फार जड जायचं, माणसं रागवायची, पण त्यातलीच कितीतरी पुढच्या वर्षी परत आली. सांगलीच्या एक आजी, वय सत्तरच्या पुढे, तशाच दुसऱ्यांदा आल्या, लाईफजॅकेट घालून माझा हात घट्ट धरून तोंड पाण्यात घातलं आणि वर येऊन म्हणाल्या, "आरं, खाली बाग हाय की!" मला अजून भरून येतं.

२०२० ला लॉकडाऊन, आणि मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ. होडी वर ओढून माडाला बांधली होती तरी माडच पडला तिच्यावर, मधून फुटली. वीज नव्हती, बॅटरीच्या उजेडात बाबा फळ्या मोजत बसलेले, कुठल्या वाचतील. त्यातल्या चार फळ्या आजच्या होडीत आहेत, मुद्दाम लावल्यात. आज दोन होड्या आहेत, आमच्याच आवाठातली, म्हणजे वाडीतली, चार मुलं कामाला आहेत.

आता पावसाळा, समुद्र बंद, होड्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, उलट्या घालून रंग खरवडतोय. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की दोन्ही होड्या पाण्यात उतरवून बोयाची दोरी बघायला जाणार, यंदा ती बदलावीच लागेल.