आंद्रेयास अल्ब्रेख्टचं गाव शोधताना

पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथजवळ लाँग रायफलचं एक संग्रहालय आहे. मुलाच्या शाळेच्या कामासाठी तिथे गेलो आणि एका बंदुकीसमोरून माझा पाय निघेना. हातभराहून कितीतरी लांब, सडपातळ नळी आणि मेपलच्या लाकडाचा कोरीव दस्ता. जर्मन शिकाऱ्यांची आखूड, जाड नळीची बंदूक इथल्या कारागिरांनी हळूहळू अशी लांबवली. हे कारागीर मुळात कुठले, याचा शोध मी त्या दिवशी सुरू केला. सुरुवातीला एकच माणूस धरला, ख्रिश्चन्स स्प्रिंग या वसाहतीत बंदुका घडवणारा आंद्रेयास अल्ब्रेख्ट.

चार महिने मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. 1727पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना निष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. त्या याद्या छापील मिळतात, म्हणून मी त्याच चाळत बसलो. त्यांत कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं, एकाच आडनावाची तीन-तीन रूपं. शिवाय निम्म्या पुरुषांचं पहिलं नाव योहान! हाक मारायचं नाव त्यानंतरचं असतं, हे कळायलाच मला बराच वेळ लागला.

मग लक्षात आलं की अल्ब्रेख्ट मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा. या मंडळींचं स्वतःचं आयरीन नावाचं जहाज होतं आणि ते न्यूयॉर्कला लागत असे. म्हणजे ज्या बंदराच्या याद्या मी पाहत होतो, तिथे त्याचं नाव असायचं काही कारणच नव्हतं. तेव्हापासून मी आधी पंथ विचारतो आणि मग बंदर.

मोरेव्हियनांची एक रीत मला फार भावली. प्रत्येकाने आपलं आयुष्य लिहून ठेवायचं आणि ते त्याच्या अंत्यविधीत वाचायचं. पेनसिल्व्हेनियातल्याच बेथलेहेम गावी त्यांच्या अभिलेखागारात अशी कागदपत्रं जपलेली आहेत, पण जुन्या जर्मन वळणात. या लिपीत e आणि n जवळजवळ सारखेच दिसतात. u ओळखायचा तो डोक्यावरच्या चंद्रकोरीसारख्या खुणेवरून. आजोबांजवळ मोडी गिरवली होती, ती इथे कामी आली. त्यांनी शिकवलं होतं, आधी मायना आणि तारीख वाच, ओळखीची अक्षरं वहीत उतरव, मग मजकुराला हात घाल. अगदी तसंच केलं. तिथे या लिपीचे वर्गही भरतात. मी ते आधीच करायला हवे होते.

तर अल्ब्रेख्टचा जन्म 1718चा, गाव जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातलं झेला, सूलच्या शेजारचं. 1750मध्ये तो बेथलेहेमला आला, 1771मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच लिटिट्झला गेला आणि 1802मध्ये तिथेच वारला. सूल-झेला हा पट्टा शतकानुशतकं बंदुकांचा. तिथे नळी घडवणारा वेगळा, चाप करणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा. 'बंदूक कारागीर' हा एकच शब्द शोधत गेलं की यातली कितीतरी माणसं नजरेतून सुटतात. म्हणून आता वहीत प्रत्येक धंद्याचा जर्मन शब्द वेगळ्या पानावर लिहून ठेवला आहे, आणि झेलाच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही पाहायची परवानगी मागितली आहे.