ड्रॉइंग हातात असताना इतका वेळ कशाला?

गाळ्यात कुणी आलं आणि टेबलावरचं छोटं पेट्रोल इंजिन चालताना पाहिलं, की आधी हसू उमटतं, मग मोबाइल निघतो आणि मग हाच प्रश्न येतो : "ड्रॉइंगमध्ये सगळी मापं दिलेली असतात ना? मग १४ महिने कशाला लागले?" परवा आमच्या सोसायटीतल्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनेही तेच विचारलं. घाईत काहीतरी उत्तर दिलं आणि रात्रभर ते टोचत राहिलं. तुम्हीही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

वागळे इस्टेटमध्ये मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली. आता रोड नंबर १६ जवळ एका मित्राच्या गाळ्यात संध्याकाळी सहानंतर मला लेथ मोकळं मिळतं. ड्रॉइंग अमेरिकन, इंचातलं. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास, १५/१६ इंच. आमचे जुने कारागीर त्याला साडेसात सूत म्हणतील, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी तो २४ मिलिमीटर धरला, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ३०. म्हणजे साडेतेरा सीसीचं इंजिन. निकोलाउस ऑटोने १८७६ साली जे चार स्ट्रोकचं चक्र चालवून दाखवलं, तेच इथे मुठीएवढ्या जागेत.

डिझेल का नाही, हेही काही जण विचारतात. माझं गाव कराडकडचं, विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या आवाजात लहानाचा मोठा झालो, तेव्हा मनात तेच होतं. पण एवढ्या सिलिंडरला एका पॉवर स्ट्रोकसाठी जेमतेम १ घनमिलिमीटर डिझेल लागेल. इतकं कमी आणि दर वेळी तितकंच सोडणारा पंप बनवणं माझ्या हातापलीकडचं आहे.

आता मूळ प्रश्न. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक भागाचं माप असतं, पण दोन भाग एकमेकांत कसे बसावेत हे बहुतेक वेळा तुमच्यावर सोडलेलं असतं. मी पहिल्यांदा काय केलं? आधी पिस्टन केला, कारण ड्रॉइंगच्या पहिल्याच पानावर पिस्टन होता. २३.९७, मायक्रोमीटरवर तीनदा बघितलं. मग बिडाचं सिलिंडर बोअर केलं आणि लॅपिंगला, म्हणजे पेस्टने आतून घासून गुळगुळीत करायला घेतलं. टूलच्या रेघा आतून दिसत होत्या, त्या जाईपर्यंत पेस्ट लावून लॅप फिरवत राहिलो. रेघा गेल्या तेव्हा बोअर २४.०७ झाला होता. मला दोघांत तीन शतांश मिलिमीटर जागा हवी होती, ती दहा शतांश झाली. पिस्टन सोडला की खडा विहिरीत पडावा तसा खाली. दोन महिन्यांचं काम बाजूला ठेवलं.

सिलिंडर किती वाढेल हे लॅपिंगच ठरवतं. म्हणून भोक आधी पुरं करायचं, मोजायचं, आणि मग त्या भोकासाठी पिस्टन करायचा. टूलरूममध्ये हेच शिकून पिकलो होतो. पण छापील पान समोर आलं की हात त्याच्या क्रमाने चालतो, आणि मला वाटतं सगळ्यांचे महिने इथेच जातात.

फ्लायव्हील, क्रँक, कनेक्टिंग रॉड यांचं फार सांगण्यासारखं नाही. सरळ लेथकाम आहे, वेळ लागतो एवढंच. पिस्टन रिंगांनी मात्र परीक्षा पाहिली : १ मिलिमीटर रुंदीची बिडाची रिंग कापायची, फट उघडी ठेवून लालसर तापवायची म्हणजे तिला ताण बसतो. १४ केल्या, ८ मोडल्या. आणि ठाण्याच्या पावसाळ्यात लॅप केलेलं बीड एक रात्र उघडं राहिलं तर सकाळी तांबूस दिसतं, म्हणून प्रत्येक भाग तेलाच्या डब्यात.

सगळं जोडलं. स्कूटरची जुनी कॉइल, प्लगवर ठिणगी स्वच्छ. इंजिन तीन आठवडे सुरू झालं नाही.

आधी व्हॉल्व्ह तपासले. इंजिन लहान तशी गळती महाग पडते, कारण हवाच मुळात चिमूटभर. पोर्टला प्लास्टिकची नळी लावून तोंडाने हवा ओढायची. जीभ नळीला चिकटून राहिली तर सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, चांगली. जळका धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ती चिकटत नव्हती. ४५ अंशांची ती अर्ध्या मिलिमीटरची सीट पुन्हा घासली. जीभ चिकटली, इंजिन गप्पच.

दोष इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये निघाला. या जातीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हला ढकलून उघडणारा कॅम नसतो. पिस्टन खाली जाताना जी ओढ तयार होते, तिनेच तो उघडतो. ड्रॉइंगमध्ये स्प्रिंगची तार दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश), म्हणजे पाव मिलिमीटर. नागदेवी स्ट्रीटला मला ०.३ मिळाली आणि एवढ्याने काय होतंय म्हणून तीच वळली. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. पाच शतांश जाड तार, आणि स्प्रिंग जवळजवळ दुप्पट कडक! इंजिन श्वासच घेत नव्हतं. शेवटी वाद्यांच्या दुकानातून सतारीची पाव मिलिमीटरची तार आणली.

त्या संध्याकाळी दुसऱ्याच फिरवणीला फट् झालं, मग आणखी एक, आणि फ्लायव्हील माझ्या हातातून सुटलं. वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरतो, त्यामुळे ओढ राहत नाही, पेट्रोल जात नाही, चाकं नुसती फिरतात. वेग उतरला की पुन्हा एक फट्. मधली ती शांतता ऐकत मी आणि मित्र उभे राहिलो. शेजारच्या गाळ्यातली मुलं प्रेस बंद करून आली.

त्या ड्रॉइंगची झेरॉक्स मी आता त्या मुलीला दिली आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. स्प्रिंगच्या तारेखाली दोन रेघा आहेत. माझ्या दुसऱ्या इंजिनाचं काम सुरू झालंय : सिलिंडर लॅप होऊन २४.०४ वर थांबलं आहे, पिस्टन अजून २४.५ वर जाड ठेवलाय.