तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मांजर पालथी करा

"दुकानात ती सोनेरी, हात हलवणारी मांजर मिळते. ती आणि तुमच्या कपाटातल्या या पांढऱ्या मांजरी, यांत फरक काय? खरी जपानी कशी ओळखायची? आणि आपल्या पावसाळ्यात त्या टिकतात का?" मानेकी-नेको, म्हणजे पंजा वर करून बोलावणाऱ्या जपानी मांजरीच्या मूर्ती, जमवणाऱ्या माणसाच्या कपाटापुढे जो उभा राहतो तो यातलं काहीतरी विचारतोच. म्हणून तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकदा सविस्तर.

हात हलवणारी सोनेरी मांजर बहुधा प्लास्टिकची आणि चीनमध्ये बनवलेली असते. तिच्या तळाशी सौर पट्टी असते, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि लोहचुंबक. आपल्याकडे ती फेंगशुईच्या वस्तूंबरोबर, लाफिंग बुद्धाच्या शेजारी विकली जाते, त्यामुळे तिचं घराणं चिनी असावं असं लोकांना वाटतं. घराणं जपानी आहे, आणि जुन्या एदो शहरातलं, म्हणजे आजच्या टोकियोतलं आहे. हिरोशिगे या चित्रकाराच्या 1852 सालच्या एका छापचित्रात अशा मांजरी विकणारं दुकान दिसतं. त्या इमादो भागात भाजलेल्या मातीच्या मांजरी होत्या. पोर्सलिन, म्हणजे कडक भाजलेली पांढरी चिनी माती, नंतर आलं.

मांजर हातात आली की माणसं आधी तिचा वर केलेला पंजा बघतात. उजवा पंजा पैसा बोलावतो, डावा माणसं बोलावतो, ही सर्वांत रूढ समजूत. पांढरी सर्वसाधारण भाग्याची, काळी वाईट टाळणारी, लाल आजारपण दूर ठेवणारी. पंजाचा तळवा खाली वळलेला असतो, कारण जपानी माणूस बोलावताना तसाच हात हलवतो. आपणही तसेच बोलावतो, म्हणून मराठी माणसाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी काही मांजरींचा पंजा मुद्दाम उलटा वळवलेला असतो. पण हे सगळं झालं भाग्याचं. संग्रह करणाऱ्याला पंजातून फारसं काही कळत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक भट्टीने दोन्ही पंजांच्या मांजरी केल्या आहेत. मांजर कुठली, कशाची, कशी केलेली, हे सांगतो तो तिचा तळ. म्हणून आधी ती पालथी करा. एक हात डोक्याखाली, दुसरा बैठकीला. वर केलेल्या पंजाला धरून कधीही उचलू नका.

तळाला काय बघायचं ते समजायला मांजर घडते कशी हे माहीत हवं. पोर्सलिनची मांजर चाकावर होत नाही, ती साच्यात ओततात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन किंवा अधिक भागांचे साचे आपल्याला गणपतीमुळे परिचयाचे आहेत. असा साचा घट्ट बांधून त्यात स्लिप, म्हणजे पाण्यात घोळलेली दाट माती, काठोकाठ ओततात. प्लास्टर पाणी शोषतं, आणि साच्याच्या भिंतीला लागून मातीचा थर धरू लागतो. तो साधारण 3-4 मिलिमीटर जाड झाला की उरलेली स्लिप उलटून काढतात. थोडं वाळल्यावर साचा उघडून मांजर बाहेर काढायची आणि सांध्यावर उठलेली रेघ चाकूने तासून, ओल्या स्पंजाने पुसून घ्यायची. हात वेगळा ओतलेला असेल तर तो स्लिपनेच खांद्याला जोडतात. मग पहिली भाजणी सुमारे 800 अंश सेल्सियसला, त्यानंतर झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, त्यानंतर मोठी भाजणी 1200 ते 1300 अंशांना. लाल गळपट्टा, डोळे, नाण्याचं सोनं हे झिलईवर रंगवून पुन्हा 700 ते 800 अंशांना भाजतात.

आता तळ वाचा. मधलं भोक तिथे असतंच, कारण पोकळ मांजर बंद ठेवून भट्टीत घातली तर आतली हवा आणि वाफ तिला फोडते. भोक तळाला नसेल तर पाठीवर शोधा. गल्ल्याच्या मांजरींना पाठीत नाणं टाकायची चीर असते आणि तेवढीच पुरते. अशा जुन्या गल्ल्यांना पैसे काढायला दुसरी वाट नसते, ते फोडायचेच असतात. म्हणून जुना गल्ला अखंड मिळाला तर आनंद माना.

बैठकीच्या कडेला झिलई नसलेली एक पट्टी असते, नाहीतर वितळलेली झिलई भट्टीच्या फळीला चिकटली असती. या पट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. पोर्सलिन पाणी पीत नाही, थेंब तसाच बसून राहतो. मऊ भाजलेली माती तो शोषून घेते आणि तिथे काळपट डाग दिसतो. पोर्सलिनची कड पांढरीशुभ्र आणि बारीक कणाची असते. पिवळसर, लालसर किंवा रवाळ असेल तर ती दुसरी माती. रेझिनची नक्कल हाताला लगेच कोमट लागते आणि नखाने टिचकी मारली तर बद्द आवाज देते. प्रकाशात धरून पारदर्शकता पाहायची युक्ती कपाला चालते, बंद मांजरीला नाही.

तळावरच्या शिक्क्याला लोक गरजेपेक्षा जास्त मान देतात. 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, म्हणून त्या काळी रोमन लिपीत "निप्पॉन", म्हणजे जपानचं जपानी नाव, आणि 1921 नंतर "जपान" असं लिहिलेलं सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1952 मध्ये जपानवरचा दोस्त राष्ट्रांचा ताबा संपेपर्यंत, "मेड इन ऑक्युपाइड जपान" असा शिक्काही येई. हे सगळं निर्यातीच्या मालावर. जपानमध्येच विकायच्या मांजरीवर शिक्का असायचं कारणच नव्हतं, तेव्हा कोरा तळ म्हणजे नकली माल असं मुळीच नाही. उलट, शिक्का आहे पण नखाने खरवडल्यावर निघतो, तिथे सावध व्हा. जुनेपणा शोधायचा तर झीज पाहा. खरी झीज फक्त जिथे मांजर टेकते तिथे असते आणि ओरखडे वेगवेगळ्या दिशांना जातात. सगळ्या अंगावर सारखा तपकिरी रंग चढला असेल तर तो बहुधा चहाच्या पाण्याचा.

मातीवरून गावाकडे जाता येतं. सेतो आणि तोकोनामे ही दोन्ही गावं आइची प्रांतातली, नागोयापासून जवळ, पण मांजरी अगदी वेगळ्या. सेतोची मांजर पोर्सलिनची, सडपातळ, पाठीत किंचित वाकलेली, चेहरा लहान आणि खऱ्या मांजरीला जवळचा. साच्यातून मोठ्या संख्येने मांजरी काढायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेच जोर आला. सेतोमध्ये मानेकी-नेकोचं स्वतंत्र संग्रहालय आहे. 29 सप्टेंबर हा या मांजरींचा दिवस, आणि त्याच्या आसपास गावात उत्सव असतो. तोकोनामेची मांजर गुबगुबीत, डोकं आणि धड जवळजवळ सारख्या उंचीचं, डोळे टपोरे, पोटाशी कोबान, म्हणजे एदो काळातलं लांबट सोन्याचं नाणं. हा घाट 1950 नंतर रुळला आणि आज जगभर मानेकी-नेको म्हटल्यावर हाच डोळ्यांपुढे येतो. नाण्यावरची तीन अक्षरं वाचली तर रक्कम जुन्या जपानी चलनात एक कोटी र्‍यो होते. मात्र तोकोनामेच्या मांजरी बहुतेक पोर्सलिनच्या नसतात, पाण्याच्या थेंबाची परीक्षा त्यांना लावून लगेच नाकारू नका. गावात मांजरींचा एक रस्ता आहे, भिंतीत 39 मांजरी बसवलेल्या, आणि वरून डोकावणारी तोकोन्यान ही 3.8 मीटर उंचीची मांजर.

कुतानी या रंगीत पोर्सलिनच्या शैलीवर थोडं थांबायला हवं, कारण हातकौशल्य बघायचं तर तिथेच. इशिकावा प्रांतातल्या या मांजरींच्या अंगावर मोरी नावाचं काम असतं. जाडसर रंग बारीक टोकातून रेषारेषांनी, ठिपक्याठिपक्यांनी उठवून भाजायचा. बोट फिरवलं तर नक्षी हाताला लागते. ठिपके सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे हवेत. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. हाताने काढलेल्या ठिपक्याला किंचित टोक किंवा कल असतो. डेकलमध्ये, म्हणजे छापून चिकटवलेल्या नक्षीत, रंग सपाट दिसतो आणि भिंगाखाली छपाईच्या जाळीचे कण उमटतात. डेकलची मांजर खोटी नव्हे, पण तिची किंमत हातकामाची देऊ नये.

टोकियोच्या सेतागाया भागातलं गोतोकुजी मंदिर पाहायला जाणारे खूप. हिकोनेचा सरदार ई नाओताका याला मांजरीने हात करून आत बोलावलं आणि तो वादळातून वाचला, अशी तिथली कथा. तिथल्या मांजरी साध्या पांढऱ्या, उजवा पंजा वर, गळ्यात लाल पट्टा आणि घंटा. नाणं नाही. मांजर संधी आणून देते, पुढचं माणसाने करायचं, हा त्यामागचा विचार आहे, आणि मानेकी-नेकोविषयी जे जे सांगितलं जातं त्यात हेच सर्वांत सुंदर वाटतं. इच्छा पुरी झाल्यावर लोक आपली मांजर तिथे परत आणून ठेवतात. त्या रांगांतली मांजर उचलू नये, मंदिरातूनच नवी विकत घ्यावी.

जपानहून आणताना मोडतात ते कान आणि पंजा. आधी पातळ कागद, मग कान आणि पंजा यांच्याभोवतीची पोकळी कागदाच्या मऊ गोळ्यांनी भरा, म्हणजे बाहेरचा दाब टोकावर येणार नाही. त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. चिकटपट्टी मांजरीला थेट लावली तर काढताना झिलईवरचं सोनं घेऊन येते. मग लहान खोका, तो मोठ्या खोक्यात, मध्ये सगळीकडून निदान 5 सेंटिमीटर भरण. शक्य असेल तर हातातल्या सामानात न्या.

पावसाळ्याचं उत्तर मांजर कशाची आहे यावर ठरतं. पूर्ण भाजलेल्या पोर्सलिनला आपली दमट हवा काही करत नाही. ऊनही त्याच्या भाजलेल्या रंगाला उडवत नाही. मऊ मातीची झिलईदार मांजर मात्र वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पीत किंचित फुगते, झिलई फुगत नाही, आणि तिच्यावर बारीक तड्यांचं जाळं पडतं. त्यात धूळ आणि तेल शिरलं की रेघा तपकिरी होतात. म्हणून अशा मांजरी स्वयंपाकघराजवळ नकोत. फुशिमी किंवा इमादोच्या मातीच्या बाहुल्यांवर गोफुन, म्हणजे शिंपल्यांची पांढरी पूड, सरसात कालवून लावलेलं असतं. शाडूच्या मूर्तीवरच्या रंगासारखंच ते पाण्याने सुटतं. त्यांना ओला बोळाही लावू नका. ताकासाकीच्या कागदी लगद्याच्या मांजरींना कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये बुरशी धरते. त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, 5 सेंटिमीटर जागा सोडा, आणि मांजरींच्या तळाला नमदा चिकटवू नका, त्यात ओल अडकते.

धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने, वरून खाली. कुतानीला फडकं लावू नये, उठावाच्या ठिपक्यांत धागे अडकतात आणि ओढले की ठिपका निघतो. पोर्सलिन धुवायचं तर प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरून, कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एखादाच थेंब घालून, एका वेळी एकच. त्याआधी तळाजवळच्या रंगावर ओला कापसाचा बोळा फिरवा. बोळ्याला रंग लागला तर तो न भाजलेला आहे, मग पाणी बंद. सोनं फार मऊ असतं, ते चोळायचं नाही. सोडा, लिंबू, अमोनियाचं काच-क्लीनर, ब्लीच काहीही नको. ब्लीचचे क्षार मऊ मातीत शिरून सुकतात आणि झिलई खालून उचलतात. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे धुताना भोकातून आत गेलेलं पाणी तिथेच राहणं. धुण्यापूर्वी भोकात कापूस घट्ट बसवा, नंतर तो काढून मांजर भोक खाली येईल अशी जाळीवर दोन दिवस ठेवा.

मांडणीत दोन मांजरींमध्ये निदान 3 सेंटिमीटर सोडा, मागच्या रांगेसाठी पायऱ्या करा, जड खालच्या फळीवर. संग्रहाची नोंद ठेवा, पण क्रमांक मांजरीवर लिहू नका, मानेत सुती दोऱ्याने छोटी चिठ्ठी अडकवा. दुकानाचं जुनं कागदी लेबल असेल तर ते मुळीच काढू नका.

आणि कान तुटलाच तर? तुकडा बसतो का हे पुन्हापुन्हा जोडून पाहायचा मोह आवरा. तुटलेल्या कडा एकमेकींवर घासल्या की कण झडतात आणि मग सांधा कधीच पक्का बसत नाही. सगळे तुकडे, पूडसुद्धा, कागदात गुंडाळून मांजरीच्याच खोक्यात ठेवा. झटपट चिकटणारा गोंद तुकडा नीट बसवायला वेळ देत नाही आणि वाकडा बसलेला कान सोडवताना आणखी माती घेऊन येतो. पोर्सलिनला हळू सुकणारं, पिवळं न पडणारं इपॉक्सी चांगलं. मऊ मातीला ते नको, ते तिच्यात मुरतं आणि पुन्हा सोडवता येत नाही, तिथे विरघळवता येणारा डिंकच हवा. किंत्सुगी, म्हणजे तुटलेला सांधा लाखेने जोडून त्यावर सोनं भरायची जपानी पद्धत, करायची असेल तर उरुशी लाख दमट, उबदार पेटीत सुकायला आठवडे लागतात, आणि कच्च्या लाखेने कातडीवर पुरळ येतं, म्हणून हातमोजे घालूनच काम करा.