दोन रुपये मागं लिवल्यात

६ नोव्हेंबर, पहाटे

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडायच्या आत लिहून ठेवतो.

काल रंगभूमी दिन. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याचा हा दिवस, म्हणून आमच्या गावात तो घरातल्या सणासारखा वाटतो. भावे नाट्यमंदिरात पदकाचा सोहळा असतो, तिथं जायचा माझा नेम. काल मात्र आम्ही पाच जण सांगलीजवळच्या हरिपुरात होतो, हवालदाराच्या घराच्या सोप्यात. हवालदार हळदीचा व्यापार करतो. पण आम्ही अजून एकमेकांना स्किटमधल्या नावांनीच हाक मारतो: हवालदार, आज्जी, नवरदेव, कॉलेजकन्या. मी ड्रायव्हर. सहावा कंडक्टर. तो २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेला.

१९९८ च्या युवा महोत्सवासाठी आम्ही एकत्र आलो. स्किट म्हणजे दहा मिनिटं, जास्तीत जास्त सहा पात्रं, एवढ्यात सगळं बसवायचं. लिहिलं कंडक्टरनं. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे तिकिटांची पेटी, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, दोरीची घंटी हे त्याच्या घरातलंच सामान. गोष्ट एवढीच, की एक आज्जी गाडीत बसते, सुट्टे नसतात, कंडक्टर तिकिटाच्या मागं ‘२’ लिहून देतो आणि म्हणतो, ‘‘आज्जी, दोन रुपये मागं लिवल्यात, उतरताना घ्या.’’ आज्जीला वाचता येत नाही. ती एकेकाला तिकीट दाखवत फिरते. ‘‘बघ की रं बाबा, ह्येच्यावर काय लिवलंय?’’ कॉलेजकन्येला त्यात गणिताचे मार्क दिसतात, नवरदेवाला पत्रिकेतले छत्तीसपैकी दोन गुण, हवालदाराला फरारी आरोपी. ज्याच्या मनात जे, ते तो वाचतो. दोन रुपये कुणीच वाचत नाही.

आता तिकीट मशिनमधून येतं आणि पैसे फोनवरून जातात. काल हवालदाराच्या मुलाला ‘मागं लिहून दिलं’ म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावं लागलं.

माझी जागा सगळ्यात पुढं. स्टूलवर बसायचं, ताटाचं स्टिअरिंग धरायचं आणि प्रेक्षकांकडं बघायचं. बाकी सगळी गाडी माझ्या पाठीमागं. वाक्य एकच, शेवटचं. आज्जी हरून माझ्याकडं येते, ‘‘तू तरी सांग की रं,’’ आणि मी म्हणतो, ‘‘आज्जी, मी पुढं बघून चालवतोय, मागचं मला विचारू नका.’’ त्या वाक्याला पडदा पडायचा. म्हणजे ते स्किट मी शंभर वेळा ऐकलं असेल, पाहिलं एकदाही नाही. तालमीतसुद्धा कंडक्टर मला मागं वळू द्यायचा नाही. ‘‘ड्रायव्हर वळला की गाडी खड्ड्यात,’’ म्हणायचा.

एक गोष्ट मला तेव्हा फार छळायची. नवरदेवाकडून हवालदाराकडं जायच्या मध्ये आज्जी काहीच बोलत नसे. तिथं वाक्यच नव्हतं. तरी दर प्रयोगाला तिथं हशा यायचा, तोही सगळ्यात मोठा. मी विचारलं, की ठरलेलं उत्तर: ‘‘तू पुढं बघ.’’

महोत्सवानंतर तीन वर्षं गणपतीत मंडळांच्या स्टेजवर प्रयोग केले. मिरज, तासगाव, विटा, कवठेमहांकाळ. तालीम इथंच, हरिपूरच्या रस्त्याला चिंचांच्या सावलीत, नाहीतर संगमावर. सायकलला भडंगाची पिशवी अडकवलेली असायची. हे ‘संशयकल्लोळ’वाल्या देवलांचं गाव, एका संशयावर सबंध नाटक हसवत नेणाऱ्या माणसाचं, याचा आम्हाला तेव्हा मनापासून अभिमान होता. आजही आहे. एका मंडळानं पाकीट वाढवतो, जरा चावट करा, असं सुचवलं. कंडक्टरनं सामान उचललं आणि आम्ही जेवण न घेता परत आलो. २००१ च्या गणपतीनंतर नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली आणि संपलं. आज्जी आमच्यात सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची होती. सासरी गेल्यावर ती पुन्हा स्टेजवर चढली नाही. माझ्या मते आमच्यातली खरी नटी तीच होती.

यंदा जमायचं नवरदेवानं काढलं. त्याच्या डोक्यात होती लंडनची माँटी पायथन ही विनोदी स्किटं करणारी मंडळी, तीही सहाच. १९६९ मध्ये टीव्हीवर सुरुवात केलेली. २०१४ च्या जुलैत उरलेले पाच जण ओटू अरिनात दहा प्रयोगांसाठी पुन्हा उभे राहिले. सहावा ग्रॅहम चॅपमन, १९८९ मध्येच गेलेला. त्याला त्यांनी पडद्यावर, जुन्या चित्रीकरणातून सोबत घेतलं. नवरदेव फोनवर म्हणाला, ‘‘ते सत्तरीत उभे राहिले, आपण पन्नाशीच्या आत आहोत.’’

पण आमच्याकडं चित्रीकरण नाही. वहीसुद्धा नाही. ती कंडक्टरच्या गावभागातल्या घरात होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या मजल्याबरोबर वहीही गेली. हवालदारानं काल वही गेल्याचं ऐकलं आणि गप्पच झाला. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं, ते त्यानं पाहिलेलं. जमिनीच्या पोटात जपून ठेवलेली हळद गेली की कसं वाटतं, हे त्याला कुणी सांगायला नको.

चहा घेत बसून आठवायला लागलो, तर कुणाला दोन वाक्यं सलग येईनात. प्रत्येकाला आपलंच तेवढं येतं, तेही अर्धवट. मग आज्जी उठली. पदर डोक्यावर घेतला, कमरेत वाकली आणि चालायला लागली. दोन पावलांत वाक्य आलं. ते कानावर पडताच कॉलेजकन्येचं आलं. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार गायचा आणि गद्य बोलणं पात्रं आयत्या वेळी आपल्या मनानं करायची, असं आपण वाचतो. काल सोप्यात तसंच चाललं होतं. जिथं अडायचं तिथं मी सांगायचो. पाठमोरा बसून मला सहाही जणांचं पाठ झालेलं.

म्हणून कंडक्टर मीच करायचं ठरलं. त्याची मुलगी आली होती, बारावीला आहे. तिनं पिशवीतून आजोबांचा चिमटा काढून माझ्या हातात दिला. लोखंडाचा, बोटाच्या जागी घासून गुळगुळीत झालेला. तिच्या बाबांचा नियम मला ऐकून ठाऊक होता: हशा आला की चिमटा बंद, हशा पूर्ण विझू द्यायचा नाही, उतरायला लागला की टक्. त्या टक् वर पुढचं वाक्य.

स्टूल पुढं रिकामंच ठेवलं, त्यावर ताट. मी गाडीत, मागं उभा राहिलो.

‘‘दोन रुपये मागं लिवल्यात,’’ म्हणालो, तिकीट दिलं. आज्जी कॉलेजकन्येकडं गेली, मग नवरदेवाकडं. आणि मग ती जागा आली. ती थांबली. तिकीट उलटंसुलटं केलं, दोन्ही हातांत धरलं आणि देवळातल्या अंगाऱ्यासारखं कपाळाला लावलं. डोळे मिटून. मग पदराच्या टोकात बांधून गाठ घट्ट ओढली.

हवालदाराची आई, सून, मुलं, शेजारचे दोघे, सगळे हसले. तोच हशा. इतकी वर्षं पाठीवर घेतलेला.

चिमटा हातात होता. हशा उतरायला लागला होता. मी आज्जीकडंच बघत राहिलो. तेवढ्यात कंडक्टरच्या मुलीनं माझ्या बोटांवर बोट ठेवलं आणि दाबलं.

टक्.