मोटारसायकलचं इंजिन ऑइल: निवडायचं कसं, बदलायचं कधी

ऑइल मागितलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. मी आधी गाडीचं मॅन्युअल उघडतो. त्यात ऑइलची जाडी, जासोचा (म्हणजे जपानी मानकाचा) वर्ग आणि किती मिली भरायचं हे छापलेलं असतं. या तीन गोष्टी जुळल्या की कुठल्या कंपनीचं ऑइल घ्यायचं याला फारसं महत्त्व उरत नाही. हे सगळं मी हिरो स्प्लेंडर प्लसच्या 97.2 सीसी इंजिनावरून सांगतोय. त्याला 10डब्ल्यू-30 जाडीचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या एपीआय (अमेरिकन मानकाच्या) दर्जाचं, जासो एमए वर्गाचं ऑइल, आणि बदलताना 900 मिली लागतं. दुसरी गाडी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

10डब्ल्यू-30 मधला 10डब्ल्यू थंडीतलं वागणं सांगतो, तर 30 गरम इंजिनातली जाडी. 100 अंश सेल्सिअसला 30 ग्रेडचं ऑइल 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) या पट्ट्यात बसतं आणि 50 ग्रेडचं 16.3 ते 21.9 मध्ये. म्हणजे 20डब्ल्यू-50 भरलं की गरम इंजिनात साधारण पावणेदोन पट जाड ऑइल फिरतं. ‘उन्हाळा आहे, जाड ऑइल टाकू’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. मी तो मानत नाही. या इंजिनाचा ऑइल पंप, त्याच्या वाटा आणि फटी 30 ग्रेड धरून आखलेल्या आहेत. जाड ऑइल सकाळच्या पहिल्या किकनंतर वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) उशिरा पोचतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या वेळीच होते. शिवाय मायलेज पडतं ते वेगळं. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना असला तरी मॅन्युअलमधला ग्रेड तिथली गाडीही धरूनच दिलेला असतो. पल्सर किंवा बुलेटच्या मॅन्युअलमध्ये 50 चा ग्रेड लिहिलेला असेल तर तिथे तोच भरायचा.

दुसरी गोष्ट जासोची. ही वाहनांसाठीची जपानी मानकं ठरवणारी संस्था. मोटारसायकलमध्ये एकच ऑइल इंजिन, क्लच प्लेटा आणि गिअर या तिघांचं काम करतं. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती मानवतात, पण ऑइलात बुडालेल्या क्लच प्लेटांना नाही. मग खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये रेस वाढते, गाडी मात्र पुढे सरकत नाही. डब्यावर एमए किंवा एमए2 असेल तर गिअरच्या गाडीला चालतं. एमबी हे ॲक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा असतो. स्कूटरमध्ये एमए पडलं तर फार बिघडत नाही, पण बाईकमध्ये एमबी कधीच भरू नये. दुकानात दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही.

एपीआयची अक्षरं जशी पुढे सरकतात तसा दर्जा नवा होतो: एसएल 2001 चा, एसएम 2004 चा, एसएन 2010 चा, एसपी 2020 चा. नवं असलं की चांगलंच, पण जासोचा शिक्का हवाच. कारसाठीच्या नव्या पातळ ऑइलमध्ये एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर रोखलेला असतो, तर जासो किमान 0.08 आणि कमाल 0.12 टक्के मागते. गिअरचे दात आणि कॅम झिजू न देणारं रसायन याच फॉस्फरसचं असतं.

मिनरल (कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं) की सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं)? 100 सीसीच्या गाडीला चांगलं मिनरल पुरतं. सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकतं, थंडीत लवकर वाहतं, सतत हायवेवर पळणाऱ्या किंवा मोठ्या इंजिनाच्या गाडीला त्याचा खरा उपयोग. महागडं सिंथेटिक टाकून वर्षभर पातळी न बघणं याला मात्र काही अर्थ नाही.

आता बदलायची पद्धत. गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवतो, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळही त्याच्याबरोबर येतो. फार तापलेलं नको, हात भाजतो. सपाट जागी मेन स्टँडवर लावतो, खाली पसरट टोपलं ठेवतो आणि आधी वरचं डिपस्टिकचं (पातळी बघायच्या काडीचं) झाकण सैल करतो, म्हणजे हवा शिरून ऑइल सलग गळतं. ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट 17 मिमीचा. त्याला रिंग पाना किंवा गोटी पानाच लावायचा, उघडा पाना घसरून कोपरे गोल करतो. धार थांबली की चावी बंद ठेवून चार-पाच किक मारतो. आत अडकलेलं थोडं ऑइल आणखी येतं.

बोल्टखालचा वॉशर दर वेळी नवा. चार-पाच रुपयांची वस्तू, पण जुना चपटा वॉशर गळतो, गळती थांबवायला माणूस बोल्ट आणखी आवळतो आणि इंजिनाच्या केसिंगचे आटे जातात. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी, त्यामुळे हार नेहमी केसिंगची होते. मग लेथवाल्याकडे नेऊन नवे आटे पाडून घ्यावे लागतात किंवा हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवावी लागते. बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवून बसवायचा. तिरका लागला तर लगेच जाणवतं. वॉशर टेकला की पान्याने बेताचाच आवळायचा. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावावा.

भरताना मी मापाचं भांडं वापरतो. एक लिटरचा डबा आणला तर 900 मिली गाडीत, उरलेलं 100 मिली टॉपअपसाठी झाकण घट्ट लावून ठेवायचं. ‘संपवून टाकू’ म्हणून सगळं ओतलं तर जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, फिल्टर भिजतो आणि गाडी धूर टाकते. भरल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवायची, बंद करून तेवढाच वेळ थांबायचं आणि मग पातळी बघायची. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवून बघितलं तर ती खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. गाडी साइड स्टँडवर असेल तर मापच चुकतं.

स्प्लेंडरमध्ये कागदी फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत एक जाळी आहे आणि क्रँकच्या टोकाला फिरणारा गाळण कप आहे, त्याच्या भिंतीला काळा चिकट थर जमतो. ऑइल बदलताना हा कप साफ होत नाही, त्यासाठी कव्हर उघडून नवं गॅस्केट टाकावं लागतं. क्लच प्लेटांचं काम निघेल तेव्हा हे आवर्जून करून घ्यावं. जाळीची कुठली बाजू आत होती ते काढतानाच बघून ठेवावं. ज्या गाड्यांना बदलायचा फिल्टर असतो तिथे त्याची रबरी ओ-रिंगही नवी घालावी आणि बसवण्याआधी तिला थोडं ऑइल चोळावं.

आता किलोमीटर. नव्या गाडीचं पहिलं ऑइल 500 ते 750 किलोमीटरला, पहिल्या सर्व्हिसिंगला जातं, कारण त्यात घासून निघालेला धातूचा बारीक चुरा असतो. पुढे मॅन्युअल 3000 ला टॉपअप आणि 6000 ला बदल सांगतं. गॅरेजवाले 2000 म्हणतात. माझ्या मते दोन्ही आकडे वापर बघून तपासायला हवेत. रोज एका दमात वीस-पंचवीस किलोमीटर डांबरी रस्त्याने जाणाऱ्या गाडीला 6000 जड नाही. दुधाचे कॅन लादून दारोदारी थांबणारी, पार्सल पोचवणारी किंवा उसाच्या फडातल्या धुळीत फिरणारी गाडी असेल तर मी 3000 ला बदलतो. सिग्नलवर गाडी चालू असते, ऑइल तापत असतं, पण मीटर फिरत नाही. फक्त दोन किलोमीटरवरच्या एसटी स्टँडपर्यंत जाणारी गाडी पुरेशी तापतच नाही. पेट्रोलचे अंश आणि वाफेचं पाणी ऑइलातच राहतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा बदलावं. कोकणातल्या पावसाळ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला पांढुरकी साय दिसते, ती याच पाण्याची. लांबची फेरी मारल्यावर गेली तर ठीक. सगळंच ऑइल दुधाळ झालं असेल तर ते काढूनच टाकायचं.

ऑइल काळं झालं म्हणजे संपलं असं नाही, त्यातला डिटर्जंट काजळी धरून ठेवतो म्हणून ते काळवंडतं. खरी खूण गिअरची. गिअरचे दात ऑइलातले जाडी टिकवणारे पॉलिमर कातरत जातात, ऑइल पातळ होतं, गिअर कडक पडू लागतात आणि न्यूट्रल पटकन सापडत नाही. पेट्रोलचा वास येऊन पातळी वाढलेली दिसली तर जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असते. ती आधी नीट करायची, मगच ऑइल बदलायचं.

तरी यापेक्षा मोठी गोष्ट पातळीची. 900 मिलीमधून 200 मिली जळलं तर पाव भागाच्या आसपास ऑइल गेलं, आणि या गाडीला इशारा देणारा दिवा नाही. सर्वात आधी वरचा कॅम कोरडा पडतो, हेडमधून टकटक ऐकू येते, तोवर झीज झालेली असते. मी 500 किलोमीटरला, म्हणजे साधारण पेट्रोलची टाकी भरताना, डिपस्टिक बघतो. बदलाचे किलोमीटर मार्करने चिकटपट्टीवर लिहून सीटखाली चिकटवतो.

निघालेलं ऑइल चेनला लावू नये, त्यात धातूचा चुरा असतो. गटारात किंवा बांधावर ओतणं तर अजिबात नको. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. मी ते कॅनमध्ये साठवून, काळं ऑइल गोळा करणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन देतो. रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडतो आणि लेबल फाडतो, कारण सीलबंद दिसणारं बनावट ऑइल अशाच चांगल्या डब्यांत भरून विकलं जातं.